गगनयान : पॅराशूट एकदा उघडलं, मग पुन्हा पुन्हा चाचणी कशासाठी?

१५ जुलै २०२५ चा तो व्हिडिओ तुमच्याही फीडवर येऊन गेला असेल. शुभांशू शुक्ला आणि त्यांचे तीन सहकारी बसलेलं ड्रॅगन यान चार मोठ्या पॅराशूटना लटकत कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात उतरलं. आपण टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या रीलवर गेलो.

त्यानंतर इस्रोने गगनयानच्या पॅराशूटची चाचणी केल्याच्या बातम्या लागोपाठ आल्या. ऑगस्टमध्ये, नोव्हेंबरमध्ये, डिसेंबरमध्ये. त्याखालच्या कमेंट्समध्ये एक प्रश्न हमखास असतो : किती वेळा तेच तेच? २०१८ मध्ये घोषणा झाली, २०२२ चं टार्गेट होतं, आता २०२७ म्हणताय. छत्रीच उघडायची आहे ना?

प्रश्न रास्त आहे. फक्त ही छत्री नाही, आणि कामशेतला पॅराग्लायडिंग करताना डोक्यावर असतं तसलंही काही नाही.

आधी हे बनवतं कोण ते बघू. महाराष्ट्रात गगनयानचं नाव निघालं की पवईची एल अँड टी किंवा वालचंदनगरचा उल्लेख होतो, कारण रॉकेटच्या बूस्टरचे भाग तिथे बनतात. पॅराशूट मात्र आग्र्याहून येतात. डीआरडीओची एडीआरडीई ही प्रयोगशाळा तिथे आहे. सैनिकांसाठी, विमानातून खाली सोडायच्या सामानासाठी पॅराशूट बनवणं हे तिचं जुनं काम. यान इस्रोचं, पॅराशूट डीआरडीओचे, चाचणीसाठी विमान हवाई दलाचं आणि समुद्रातून यान बाहेर काढणार नौदल. अशा टीमचं नेतृत्व करायचं म्हणजे अर्धं काम कापड-दोऱ्यांचं आणि अर्धं चार संस्थांना एका तारखेवर आणण्याचं.

एक नाही, दहा पॅराशूट

गगनयानच्या क्रू मोड्यूलमध्ये चार प्रकारचे एकूण दहा पॅराशूट आहेत. पहिले दोन फक्त वरचं झाकण ओढून काढतात. मग दोन ड्रोग पॅराशूट उघडतात. डुलणाऱ्या यानाला सरळ करायचं आणि वेग कमी करायचा, एवढं त्यांचं काम. ते सुटले की तीन छोटे पायलट पॅराशूट बाहेर येतात आणि प्रत्येक जण एकेक मोठा, मुख्य पॅराशूट ओढून काढतो. हे तिन्ही मुख्य पॅराशूट प्रत्येकी सुमारे २५ मीटर व्यासाचे. सगळं नीट झालं तर जवळपास पाच टनांचं यान ताशी साधारण ३० किलोमीटरने पाण्यावर आपटतं. म्हणजे गल्लीतल्या स्कूटरच्या वेगाने.

तीनपैकी दोन उघडले तरी अंतराळवीर सुखरूप उतरतील, अशी रचना आहे. मग टेन्शन कसलं?

टेन्शन इथेच आहे. मुख्य पॅराशूट एका झटक्यात पूर्ण उघडला तर त्या हिसक्याने कापड फाटू शकतं, दोऱ्या तुटू शकतात. म्हणून त्याच्या कडेला एक दोरी ओवलेली असते. तिच्यामुळे तो आधी अर्धवटच फुलतो. ठरलेल्या वेळेनंतर छोट्या स्फोटकाने चालणारं कटर ती दोरी कापतं आणि मग तो पूर्ण उघडतो. आता समजा दोन पॅराशूट आहेत आणि एकाची दोरी आधी कापली गेली, दुसऱ्याची उशिरा. तेवढा वेळ जवळपास सगळा भार पहिल्यावर. तो भार त्याला पेलला नाही, तर दुसऱ्याचीही खैर नाही.

३ नोव्हेंबर २०२५ ला झाशीजवळच्या बबिना रेंजवर नेमकं हेच तपासलं गेलं. आयएल-७६ विमानातून अडीच किलोमीटर उंचीवरून यानाइतकं वजन सोडलं आणि दोन मुख्य पॅराशूटच्या पूर्ण उघडण्यात मुद्दाम फरक ठेवला. त्याच रेंजवर नोव्हेंबर २०२२ मध्ये तपासलं होतं ते वेगळं : एक मुख्य पॅराशूट उघडलाच नाही तर काय? २४ ऑगस्ट २०२५ ला श्रीहरिकोटाजवळ चिनूक हेलिकॉप्टरने तीन किलोमीटरवरून, म्हणजे जवळपास दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तर होईल एवढ्या उंचीवरून, क्रू मोड्यूल सोडलं. तिथे पूर्ण साखळी क्रमाने चालते का, हा प्रश्न होता. आणि १८-१९ डिसेंबरला चंदीगडला रुळांवरच्या रॉकेट-गाडीने ओढून फक्त ड्रोग पॅराशूट तपासले.

त्यामुळे 'तेच तेच' हा आरोप टिकत नाही. प्रत्येक वेळी बिघाडाची किंवा वापराची वेगळी शक्यता तपासली जाते.

आणखी एक अडचण आहे, जी मला सगळ्यात भीतीदायक वाटते. जो पॅराशूट माणसं घेऊन जाणार, तो आधी उघडून बघता येत नाही. तपासला जातो त्याच्यासारखाच दुसरा. मग भरवसा ठेवायचा तो शिलाईवर, घडीवर आणि तपासणाऱ्याच्या सहीवर.

ज्यांचं चुकलं त्यांचं काय झालं?

एप्रिल १९६७ मध्ये सोव्हिएत संघाच्या सोयुझ-१ चा मुख्य पॅराशूट बाहेरच आला नाही, राखीव गुंतला आणि व्लादिमिर कोमारोव्ह गेले. १९७१ मध्ये अपोलो-१५ उतरताना तीनपैकी एक पॅराशूट मिटला, पण उरलेल्या दोघांनी तिघा अंतराळवीरांना वाचवलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये बोइंगच्या स्टारलायनरच्या रिकाम्या यानाची चाचणी झाली, त्यात तीनपैकी दोनच पॅराशूट उघडले. कारण काय, तर एक पिन नीट बसवलेली नव्हती. स्पेसएक्सलाही २०१९ मध्ये पॅराशूट चाचणीत अपयश आलं आणि त्यांनी पॅराशूटचं डिझाइन बदललं.

अमेरिकेतली ही माहिती आपल्याला कळते, याचं एक कारण आहे. अपोलो-१ च्या आगीनंतर तिथे नासावर नजर ठेवणारं स्वतंत्र सल्लागार मंडळ नेमलं गेलं. ते दरवर्षी जाहीर अहवाल देतं आणि पॅराशूटबद्दलच्या शंका त्यात छापून येतात. आपल्याकडे चाचणीनंतर यशस्वी झाल्याचं छोटं निवेदन आणि फोटो. भार किती आला, अपेक्षेपेक्षा वेगळं काय घडलं, हे त्यात क्वचितच असतं. लोकांनी उशिराबद्दल संयम ठेवावा असं वाटत असेल, तर उशीर नेमका कशामुळे हे सांगायला हवं. ऑक्टोबर २०२३ च्या टीव्ही-डी१ चाचणीनंतर यान पाण्यात उलटं झाल्याचं इस्रोने स्वतःच सांगितलं होतं. त्याने इस्रोची पत कमी झाली नाही.

आता लक्ष मानवरहित उड्डाणावर ठेवा, ज्यात व्योममित्रा ही रोबो जाणार आहे. २००७ मध्ये कक्षेतून परत आणलेलं आपलं यान होतं ५५० किलोचं. २०१४ मध्ये क्रू मोड्यूलच्या आकाराचं यान १२६ किलोमीटरपर्यंत जाऊन आलं, पण ते कक्षेत गेलं नव्हतं. एवढं वजनदार यान कक्षेतून, तापून, वातावरणात घुसून खाली येणार आणि मग हे दहा पॅराशूट क्रमाने उघडणार, हे भारतात अजून एकदाही झालेलं नाही.