आकडा गैरसोयीचा ठरला, म्हणून आकडाच गेला!

शिरूर तालुक्यातील न्हावरे आणि परिसरातील शेतकऱ्याला कामगिरीचा हिशेब कसा मागावा, हे कोणी शिकवायला जाऊ नये. घोडगंगा सहकारी साखर कारखाना त्याच्या गावचा. गाळप किती झाले, उतारा किती पडला आणि टनाला भाव किती मिळाला, या तीन आकड्यांवर तो संचालक मंडळाची लायकी ठरवतो. वार्षिक सभेचा अहवाल हाती पडला की उसाच्या बांधावर त्याचे वाचन होते आणि सभेत त्यावरून खडाजंगीही होते. अहवाल छापल्याने कारखाना चालतो, असा याचा अर्थ नाही. २०२३-२४ च्या हंगामात याच कारखान्याचे गाळप झाले नाही, ही जखम ताजी आहे. परंतु दोष कोणाचा, हे भांडायला सभासदाच्या हाती काही आकडे तरी होते.

हाच शेतकरी सरकारी कचेरीच्या दारात गेला की निःशस्त्र होतो. चासकमानच्या कालव्याने शेवटाकडच्या गावांना यंदा किती आवर्तने द्यायची ठरवली होती आणि प्रत्यक्षात किती पोचली? तालुका कृषी कार्यालयाने वर्षारंभी कोणता संकल्प सोडला आणि वर्षाअखेरीस त्याचे काय झाले? बहुतेक वेळा मिळणारे उत्तर एकच असते : निधी शंभर टक्के खर्ची पडला. खर्च हेच जणू फलित! मार्चअखेरीस कोषागारांपुढे लागणाऱ्या रांगा हा आमच्या प्रशासनाचा खरा वार्षिकोत्सव होऊन बसला आहे.

अशा वेळी कोणी 'उद्दिष्टे ठरवा, मोजा, जाहीर करा' म्हटले की आमचे विद्वान ती पाश्चात्त्य व्यवस्थापनशास्त्राची देणगी मानून मोकळे होतात. अमेरिकेने १९९३ मध्ये कायदा करून प्रत्येक केंद्रीय यंत्रणेवर वार्षिक कार्ययोजना आणि कामगिरीचा अहवाल सक्तीचा केला, हे खरे आहे. पण पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल ज्यांनी उलगडले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. मराठेशाहीत परगण्याच्या कमाविसदाराला वर्षाच्या जमाखर्चाचा 'बेहेडा' हुजुरातून ठरवून दिला जाई. वर्ष संपले की 'ताळेबंद' सादर करावा लागे आणि दोन्ही कागद एकमेकांशी ताडले जात. कमाविसदाराच्या जोडीला फडणीस, मुजुमदार आदी दरखदार असत. त्यांना काढून टाकण्याचा अधिकार कमाविसदाराला नव्हता. हिशेब मांडणारा ज्याचा हिशेब मांडतो त्याच्या मेहेरबानीवर जगत नसावा, एवढे शहाणपण या भूमीत कंपनी सरकारचा अंमल येण्याआधीच रुजलेले होते. उत्तर पेशवाईत ही घडी विस्कटली आणि मामलती मक्त्याने विकल्या जाऊ लागल्या. त्याची फळे रयतेने भोगली.

स्वातंत्र्यानंतर काही झालेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६६ मध्ये नेमलेल्या पहिल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्रात कार्यक्रम अंदाजपत्रके निघू लागली. २००५ मध्ये चिदंबरम यांनी मोठ्या थाटात फलनिष्पत्ती अंदाजपत्रक मांडले. २००९ मध्ये मंत्री आणि सचिव यांच्यात वर्षाच्या उद्दिष्टांचा लेखी करार करण्याची पद्धत आली. २०१४ नंतर तीही मागे पडली. प्रत्येक राजवट आपली नवी पाटी लावते आणि पुढची ती उतरवते. पाटीमागच्या फळ्यावर कोणी काही लिहिले होते की नाही, हे पाहायला कोणाला सवड नसते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सर्वांत बोलका दाखला पाण्याचा आहे. चालू शतकाच्या पहिल्या दशकात राज्याच्या जलसंपदा खात्याने एक खरोखर स्तुत्य पायंडा पाडला होता. प्रकल्पवार पाणी किती आले, किती वापरले, किती वाया गेले, पट्टी किती वसूल झाली याचे जललेखा आणि सिंचन स्थितिदर्शक अहवाल छापून प्रसिद्ध होत. देशात फार थोड्या राज्यांनी एवढे धाडस दाखवले होते. मग २०११-१२ ची राज्याची आर्थिक पाहणी आली. तिच्यातील दोन आकड्यांनी मंत्रालय हादरले : पिकाखालील एकूण क्षेत्राशी सिंचित क्षेत्राचे प्रमाण २०००-०१ मध्ये १७.८ टक्के होते, ते २००९-१० मध्ये १७.९ टक्के झाले. सुमारे सत्तर हजार कोटी रुपये खर्चून दशांश टक्का, हा आरोप महाराष्ट्रभर दुमदुमला. सप्टेंबर २०१२ मध्ये उपमुख्यमंत्र्यांचा राजीनामा झाला आणि डिसेंबरात ते परतलेही. श्वेतपत्रिका निघाली, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिचा अहवालही आला.

आणि तो आकडा? पुढच्या वर्षांच्या आर्थिक पाहणीत सिंचनाच्या त्या रकान्यात 'उपलब्ध नाही' असे शब्द छापले जाऊ लागले. ताप मोजणारी काच फोडून रुग्ण बरा झाल्याचे जाहीर करण्याचाच हा प्रकार. २०१४ मध्ये सत्तांतर झाले. विरोधी पक्षात असताना ज्यांनी सिंचनावरून विधिमंडळ दणाणून सोडले होते ते सत्तेवर आले, तरी रकाना भरला गेला नाही. खात्याच्या त्या अहवालांची नियमितताही गेली ती गेलीच. आपल्या माणसांचे राज्य आले म्हणून हा प्रश्न विचारायचा नाही, असे मानणारा कार्यकर्ता आपल्या माणसांचेच अहित करतो. जलयुक्त शिवार योजनेचे उदाहरण घ्या. त्या कामांमुळे अनेक गावांत पाणी आले, हे डोळ्यांनी पाहिलेली माणसे आहेत. परंतु महालेखापरीक्षकांच्या २०२० सालच्या अहवालाने नऊ हजार सहाशे कोटींहून अधिक खर्चाच्या परिणामकारकतेवर बोट ठेवले, तेव्हा गावागावाची मोजमापे सलग आणि जाहीर असती तर प्रामाणिक कामाचा बचाव करता आला असता आणि बनवेगिरीही तिथल्या तिथे उघडी पडली असती. कामाचा कळवळा ज्याला आहे, त्याने मोजमापाला भिण्याचे कारण नाही.

२०२५ च्या जानेवारीत राज्य शासनाने शंभर दिवसांचा कृती आराखडा हाती घेतला. कार्यालयांच्या सुधारणांचे मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेकडून करून घेतले आणि १ मे रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी निकाल जाहीर केले. ९०२ उद्दिष्टांपैकी ७०६ पूर्ण झाली, उरलेली झाली नाहीत, हे सरकारने स्वतःच्या तोंडाने सांगितले. गुणानुक्रम लागले, मागे राहिलेल्यांचीही नावे झाकली गेली नाहीत. आमच्या राजकीय संस्कृतीत ही लहान गोष्ट नाही आणि तिचे मोकळेपणाने अभिनंदन केले पाहिजे. मात्र उद्दिष्टे ठरवणारे खातेच होते. परीक्षार्थ्याने स्वतःच प्रश्नपत्रिका काढली, तर त्याच्या गुणांकडे थोडे सावधपणे पाहावे लागते. कार्यालयाची रंगरंगोटी, संकेतस्थळ आणि अभ्यागतांसाठी खुर्च्या हव्यातच. परंतु न्हावऱ्याच्या शेतकऱ्याची परीक्षा आवर्तनाची आहे. दुसरे असे की, हा सारा उपक्रम एका मुख्यमंत्र्याच्या इच्छाशक्तीवर उभा आहे. उद्या खुर्ची बदलली म्हणजे?

अधिकारीवर्गाची तक्रारही ऐकून घेतली पाहिजे. ग्रामसेवक (आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात; नावे बदलण्यात आमचा हात कोणी धरणार नाही) आणि प्राथमिक शिक्षक माहितीचे तक्ते भरून मेटाकुटीला आले आहेत, हे अक्षरशः खरे आहे. पण ते तक्ते जातात कुठे? गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून मुंबईला. अहवालांचा प्रवाह आमच्याकडे डोंगर चढतो आणि माथ्यावर आटून जातो. ज्याच्या नावाने योजना निघाली, त्याच्या अंगणात त्यातला एक कागद परत येत नाही. म्हणून तक्ते वाढवू नयेत, निम्मे रद्द करावेत आणि उरलेले खाली, गावाकडे वळवावेत.

घोड नदीच्या पलीकडे, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, १९८० च्या दशकात अनिलकुमार लखिना या जिल्हाधिकाऱ्याने कचेरीची दफ्तरे लावली आणि कारभार नागरिकांच्या नजरेसमोर आणला. 'लखिना पॅटर्न' राज्यभर गाजला. अधिकारी बदलून गेले आणि पॅटर्नचे नाव तेवढे मागे राहिले. जे व्यक्तीवर उभे असते ते व्यक्तीबरोबर जाते. यासाठी राज्याने कायदाच केला पाहिजे : प्रत्येक कार्यालयाची वार्षिक उद्दिष्टे विधिमंडळापुढे आणि ग्रामसभेपुढे आधी यावीत, फलित त्याच आकड्यांत नंतर यावे, पडताळणी दुसऱ्याने करावी आणि एकदा सुरू झालेला रकाना कोणत्याही सरकारला परस्पर पुसता येऊ नये.

तो कायदा होईल तेव्हा होवो. हाताशी असलेले कायदे तरी कुठे वापरात आहेत? माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अंदाजपत्रक, योजना, खर्च यांची माहिती कोणी न मागता जाहीर करणे प्रत्येक कार्यालयावर २००५ पासून बंधनकारक आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ८ तर याहून जुने. आर्थिक वर्षातील पहिल्या ग्रामसभेपुढे पंचायतीने वार्षिक हिशेब, मागील वर्षाचा प्रशासन अहवाल, चालू वर्षाच्या कामांचा कार्यक्रम आणि लेखापरीक्षणाची टिपणी ठेवलीच पाहिजे, असे ते सांगते. बेहेडा आणि ताळेबंद, दोन्ही त्यात आले. १ मेच्या ग्रामसभेला आमच्या शाखा-शाखांतले किती स्वयंसेवक, किती शिक्षक, किती निवृत्त कर्मचारी हे चार कागद मागायला उभे राहतात? गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते आणि कागद पेटीतच राहतात. येत्या सभेला प्रत्येक गावातून पाच जणांनी जावे, चारही कागद वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा आणि ते सभेपुढे आले नाहीत तर तशी नोंद कार्यवृत्तात लिहून घेतल्याखेरीज जागेवरून उठू नये.