गड पाहिले, खोरी कधी पाहणार?

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला आपण हिंदू साम्राज्य दिनोत्सव साजरा करतो. बौद्धिकात राज्याभिषेकाचे महत्त्व सांगितले जाते, रायगडाचे स्मरण होते. ११ जुलै २०२५ रोजी शिवछत्रपतींच्या बारा दुर्गांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तेव्हा प्रत्येक मराठी घरात आनंद झाला आणि तो सर्वथैव योग्यच होता. परंतु या आनंदात एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. गडांची नावे आपल्या मुलांना पाठ आहेत. पण ज्या बारा मावळांच्या बळावर ते गड उभे राहिले, झुंजले, त्यांतील चार नावे तरी त्यांना सांगता येतील काय?

मावळ म्हणजे सह्याद्रीच्या पूर्व पायथ्याची नद्यांची खोरी. पवनेचे पवन मावळ, आंद्रेचे आंदर मावळ, मुठेचे मुठे खोरे, मोशीचे मोसे खोरे, कानंदीचे कानद खोरे, गुंजवणीचे गुंजण मावळ, वेळवंडीचे वेळवंड खोरे, नीरेच्या परिसरातील हिरडस मावळ आणि रोहिड खोरे. बारांच्या याद्यांत थोडाफार फरक आढळतो. पण बहुतेक ठिकाणी एक नदी, तिच्या दोन्ही अंगांना डोंगररांगा आणि त्या कुशीतल्या गावांचा एक वतनदार देशमुख, अशी ही रचना होती. स्वराज्याची पहिली माणसे या खोऱ्यांनी दिली. गडावर जाऊन इतिहासाचे शिखर दिसते. त्याचा पाया पाहायचा असेल तर खोऱ्यांत उतरावे लागते.

खोरी पाहण्यासाठी एक उत्तम साधन आज तरुणांच्या हाती आले आहे. 'ग्रॅव्हल बाईक' या नावाने ते ओळखले जाते. दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखी. पण टायर साधारण ३५ ते ४५ मिलीमीटर रुंद, चढासाठी हलके गिअर, उतारासाठी डिस्क ब्रेक. डांबरी सडक संपून मुरूम, खडी आणि बैलगाडीची चाकोरी सुरू झाली, की नेहमीची शर्यतीची सायकल अडते आणि ही पुढे जाते. अमेरिकेतील कॅन्सस प्रांतात २००६ साली अशा खडीच्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली. २०२२ पासून या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही होते. या सायकलींच्या किमती भारी असतात, हे खरे. पण खेळ परदेशी आणि महाग म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. गिअरची साधी सायकल आणि थोडे जाड टायर असले तरी मावळात भागते. सायकलीचे तर आपल्या कार्याशी जुने नाते आहे. कितीतरी प्रचारकांनी आणि कार्यकर्त्यांनी याच वाहनावरून गावोगाव जाऊन माणसे जोडली.

मोटारीतून मावळ पाहणारा काय पाहतो? नसरापूर फाट्याला महामार्ग सोडायचा, मार्गासनीवरून गडाच्या पायथ्याला पोहोचायचे, गाडी उभी करायची, गड चढायचा आणि संध्याकाळी परतायचे. खोरे त्याच्या काचेबाहेरून निघून जाते. सायकलस्वाराचे तसे होत नाही. त्याला नदीकाठाने जावे लागते, ओढे ओलांडावे लागतात, पाण्यासाठी एखाद्या ओसरीवर थांबावे लागते. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाताना मधला डोंगर त्याच्या पोटऱ्यांना कळतो. आणि हे कळणे हाच इतिहासाचा खरा धडा आहे, असे आमचे मत आहे.

राजगड-तोरण्याच्या रांगेच्या एका अंगाला कानंदी आणि गुंजवणी, दुसऱ्या अंगाला वेळवंडी, आणखी दक्षिणेस नीरा. नकाशावर ही अंतरे बोटभर. प्रत्यक्षात प्रत्येक रांग म्हणजे एक भिंत. भिंतीपलीकडचे लोक वेगळे, त्यांचा देशमुख वेगळा, त्यांची वैरे वेगळी. वतनासाठी खोऱ्याखोऱ्यांत, प्रसंगी भाऊबंदांतही, रक्त सांडत असे. महाराजांनी या भिंती पाडल्या नाहीत, डोंगर कोणाला पाडता येतो? त्यांनी माणसांची मने जोडली. १६५९ साली अफझलखान चालून आला आणि विजापूरचे फर्मान हाती पडले, तेव्हा कारीचे कान्होजी जेधे वतनावर पाणी सोडून महाराजांच्या पायाशी आले. त्याच रोहिड खोऱ्यातील खंडोजी खोपडे मात्र खानाला मिळाले. पुढच्याच वर्षी हिरडस मावळातील बांदलांची फौज आणि बाजीप्रभू देशपांडे घोडखिंडीत उभे ठाकले. त्या पराक्रमानंतर दरबारातील पहिला मान जेध्यांनी बांदलांकडे आनंदाने जाऊ दिला, असे परंपरा सांगते. खोऱ्याच्या अभिमानाचे राष्ट्राच्या अभिमानात रूपांतर झाल्याची ही साक्ष आहे. आज जातीच्या आणि प्रांताच्या भिंती पुन्हा उंचावू पाहत असताना हा धडा पुस्तकातून वाचणे वेगळे आणि दोन खोऱ्यांमधली खिंड धापा टाकत ओलांडताना उमगणे वेगळे. गुंजवणी आणि वेळवंडी या दोन्ही नद्या शेवटी नीरेलाच मिळतात, हे पाहिलेल्या मुलाला एकात्मतेवर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

मात्र ज्या वाटांवरून हे शिक्षण मिळायचे, त्या वाटाच आज नाहीशा होत आहेत. काही धरणांत गेल्या. मोसे खोऱ्याचा मोठा भाग वरसगाव धरणाखाली आहे. त्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचे नाव आहे. भाटघरच्या जलाशयाला येसाजी कंकांचे, पानशेतच्या जलाशयाला तानाजींचे. नावे पाण्यावर राहिली आणि गावे पाण्याखाली गेली. पुणेकरांच्या नळाला येणारे पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचे, म्हणजेच मावळाने सोडलेल्या जमिनीचे आहे. हे ऋण शहराने कितपत स्मरले आहे? आता उरलेल्या जमिनींचे तुकडे पाडून 'फार्महाऊस'च्या जाहिराती झळकतात. तारेचे कुंपण पडते आणि पिढ्यान्पिढ्यांची गाडीवाट एका रात्रीत बंद होते. ज्या नाहीत बंद, त्या सरसकट काँक्रीटखाली जात आहेत.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. शहरातल्या हौशी सायकलस्वारासाठी मावळातल्या माणसाने चिखलात राहायचे काय? मुळीच नाही. आजारी माणूस वेळेत रुग्णालयात पोहोचला पाहिजे, भात बाजारात गेला पाहिजे, मुलांची एसटी पावसाळ्यात बंद पडता कामा नये. गावाचा मुख्य रस्ता पक्का झालाच पाहिजे आणि त्यासाठी आपणही आग्रह धरला पाहिजे. प्रश्न आहे तो शेतांच्या बांधांवरून, शिवेवरून, खिंडींतून जाणाऱ्या जुन्या वाटांचा. त्यांना हवा असतो दरवर्षी थोडा मुरूम, पाण्याला उतार आणि अतिक्रमणापासून संरक्षण. यात शेतकऱ्याचे हित आधी आहे, सायकलस्वाराचे नंतर.

इटलीच्या टस्कनी प्रांतात नेमके हेच घडले. तेथील द्राक्षमळ्यांमधून जाणारे पांढऱ्या खडीचे रस्ते डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा ते वाचवावेत म्हणून १९९७ साली गायोले गावातून जुन्या सायकलींची एक फेरी सुरू झाली. तिचे नाव 'लेरोइका'. २००७ पासून त्याच रस्त्यांवर व्यावसायिक शर्यतही होते. आज ते खडीचे रस्ते हेच त्या प्रदेशाचे भूषण झाले आहे. ज्या रस्त्यांवर केवळ द्राक्षांच्या गाड्या गेल्या, ते त्यांनी वारसा म्हणून जपले. ज्या वाटांनी स्वराज्याचे मावळे गेले, त्या आपण कुंपणाआड जाऊ द्याव्यात काय?

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते आपल्या आवाक्यातले आहे. गावनकाशावर गाडीवाटा आणि शिवरस्ते दाखवलेले असतात. ग्रामसभेने त्यांची यादी करून ठराव करावा. वहिवाटीच्या रस्त्याला अडथळा झाल्यास तो दूर करण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने तहसीलदाराला दिला आहे. शेतकऱ्याला बांधावरून रस्ता देण्याची तरतूद १९६६ च्या जमीन महसूल संहितेत कलम १४३ मध्ये आहे. आपल्या वकील कार्यकर्त्यांनी गावकऱ्यांना हे समजावून सांगावे. शाखांनी आणि शाळांनी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात, एकेका खोऱ्याची सायकल परिक्रमा काढावी. परिक्रमा म्हणजे सहल नव्हे. उभ्या पिकात चाक घालू नये. कचरा परत आणावा. जेवण गावातच मोल देऊन घ्यावे. मुक्काम मंदिरात किंवा शाळेत करून रात्री गावातल्या वडीलधाऱ्यांकडून वाटांची नावे लिहून घ्यावीत. एका वर्षी एक खोरे धरले तरी बारा वर्षांत बारा मावळ होतील.

शताब्दीच्या निमित्ताने संघाने समरसता, कुटुंब प्रबोधन, पर्यावरण, स्वदेशी आणि नागरी कर्तव्य ही पंच परिवर्तनाची दिशा समाजापुढे ठेवली आहे. आई-वडील आणि मुले सायकलीवरून एका खोऱ्यात दोन दिवस राहून आली, तर या पाचांपैकी किती गोष्टी आपोआप साधतील, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा. वारसा यादीत गडांची नोंद झाली; ते शासनाचे काम होते. खोऱ्यांची नोंद मात्र समाजालाच, स्वतःच्या श्रमाने आणि स्वतःच्या स्मरणात करावी लागेल. वाटा वहिवाटीने टिकतात. त्या वापरणारे कोणी उरले नाही, तर कोणताही कायदा त्यांना वाचवू शकणार नाही.