रॅम इतकी चपळ का?
वेळणेश्वरच्या महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी एखादी बाद झालेली हार्ड डिस्क जरूर उघडून पाहावी. आतली आरशासारखी चकती मिनिटाला ७२०० फेरे घेते, तरी हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद जातात. दांडा सरकायचा वेळ वेगळाच. रॅममध्ये हलणारं काहीच नाही. सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार थेट पत्त्यावरून वाचला जातो, साधारण १०० नॅनोसेकंदांत. म्हणजे ४०,००० पट लवकर! माणसाच्या कारागिरीचं मला खरंच नवल वाटतं. पण हा भार सतत गळतो, सेकंदाला अनेकदा पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की सगळं पुसलं. कोकणातल्या पावसाळ्यात विजेचा भरवसा नाही, तेव्हा मुलांनो, काम करताना फाइल वरचेवर सेव्ह करत चला.