काल्पनिक सेना, खरी पलटण

अँथनी होप यांची 'द प्रिझनर ऑफ झेंडा' ही कादंबरी १८९४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातला रुरिटानिया हा देश युरोपच्या नकाशावर कुठेच नाही. तरीही त्याला राजधानी आहे, राजवाडा आहे आणि झगमगीत गणवेशातली फौजही आहे. राजाशी हुबेहूब मिळता चेहरा असलेला एक इंग्रज गृहस्थ राज्याभिषेकाला उभा राहतो आणि ती फौज त्या तोतयाला निमूट सलामी देते. काही वर्षांपूर्वी हे कथानक वर्गात सांगत असताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, या शिपायांना पगार कोण देत होतं?" वर्ग हसला. सातपुड्याच्या पायथ्याच्या तडवी वस्तीतून सावद्याला शिकायला येणाऱ्या त्या मुलाचा प्रश्न माझ्या मनातून मात्र गेला नाही.

काल्पनिक देशाच्या सेनेची गोम नेमकी हीच आहे. तिला गणवेश असतो, हजेरीपट नसतो. तिचा शिपाई मरतो. त्याच्या घरी पुढे काय झाले, हे सांगण्याची जबाबदारी लेखकावर येत नाही.

शॉ यांचे 'आर्म्स अँड द मॅन' हे नाटकही १८९४ चेच. त्याच्या पहिल्या खर्ड्यात देशांची नावे कोरी होती. सिडनी वेब यांच्या सूचनेवरून ती कथा १८८५ च्या सर्बिया-बल्गेरिया युद्धात बसवली गेली. त्यातला ब्लुंचली हा स्विस भाडोत्री सैनिक सर्बियाच्या फौजेत आहे. तो काडतुसांच्या जागी चॉकलेट बाळगतो. शत्रूच्या घोडदळाचा हल्ला यशस्वी झाला तो शौर्यामुळे नव्हे, तर तोफखान्याला चुकीची काडतुसे पोचल्यामुळे, हेही तोच सांगतो. सैन्य म्हणजे आधी रसद आणि पगार, मग पराक्रम, हे शॉ यांनी रंगभूमीवर आणले.

आता आपल्या अंगणात पाहू. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश कंपनीकडे गेला. भिल्लांचे उठाव नुसत्या लष्करी मोहिमांनी शमेनात. तेव्हा एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, १८२५ मध्ये, भिल्लांचीच पलटण उभारण्याचे काम जेम्स आउट्रम या बाविशीतल्या लेफ्टनंटकडे आले. या भिल्ल कोअरचे ठाणे धरणगावला होते. मराठीचे विद्यार्थी धरणगाव ओळखतात ते बालकवींचे जन्मगाव म्हणून. ते योग्यच आहे. पण त्याच गावच्या मातीत, बालकवींच्या जन्माच्या पासष्ट वर्षे आधी, डोंगरातली माणसे परक्या भाषेतल्या हुकुमावर पावले टाकायला शिकत होती, हे आपल्याला कोणी शिकवले नाही.

आणि ही गोष्ट एकरंगी नाही. कंपनीच्या पगारावर सेंधवा घाटाची राखण केलेला खाज्या नाईक १८५७ मध्ये कंपनीविरुद्ध उठला. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीला मोठी लढाई झाली. एका बाजूला सरकारी गणवेशातला भिल्ल, दुसऱ्या बाजूला बंडातला. यांतला कोणता खरा आणि कोणता फितूर, असा झटपट निवाडा करणाऱ्याने आधी भुकेचा हिशेब मांडावा. सलामी घेणारा राजा तोतया आहे, हे रुरिटानियाच्या फौजेला ठाऊकच नव्हते. इथल्या शिपायाला मालक बदलल्याचे पुरते ठाऊक असणार. तरी त्याने पगार घेतला. कादंबरीचा खरा ऐवज तिथे आहे.

कल्पित देश लेखकाला मोकळीक देतो, राजसत्तेची टवाळी निर्धास्तपणे करू देतो, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप कल्पिताला नाही. केवळ कल्पितावर भागवण्याला आहे. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये या पलटणीची हकिकत मिळते, पण ती साहेबाच्या नजरेतून. तिची दुसरी बाजू कागदावर यायची तर ती वाडीवस्तीवर जाऊन, म्हाताऱ्याकोताऱ्यांशी त्यांच्या बोलीत बोलून आणावी लागेल. आपल्या एम.ए.च्या प्रकल्पांना यापेक्षा चांगला विषय कोणता?

त्या विद्यार्थ्याला मी तेव्हा उत्तर दिले नाही. रुरिटानियाच्या शिपायांना पगार कोणीच देत नव्हते. त्यांना त्याची गरजही नव्हती. ज्यांना होती, त्यांच्याविषयी त्याने विचारले असते, तर मला काय सांगता आले असते?