डेलॉसचे वैभव कोणाच्या श्रमाचे?

ग्रीसमधील मिकोनोसला पर्यटकांचे जहाज थांबले की प्रवासी बोटीने शेजारच्या डेलॉस बेटावर जातात, सिंहांची रांग व धनिकांच्या घरांतील रंगीत फरशीचित्रे पाहतात आणि काही तासांत परततात. हे वैभव आले कोठून, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. इ. स. पूर्व 166 च्या सुमारास रोमने हे बेट करमुक्त बंदर केले व ते गुलामांच्या व्यापाराचे मोठे केंद्र बनले. एका दिवसात दहा हजार गुलामांची आवक-जावक येथे होऊ शके, असे भूगोलकार स्ट्रॅबो नोंदवतो. स्तंभ उरले, विकली गेलेली माणसे विस्मरणात गेली.

आजचा जहाजावरील कामगार गुलाम नव्हे. तो करारावर वेतन घेतो. परंतु 2006 चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारही आठवड्यास 72 तासांपर्यंत काम घेण्यास मुभा देतो. या कामगारांत गोव्या-कोकणातील तरुणही आहेत.

प्राचीन अवशेष पाहण्याचा हक्क सर्वांचाच आहे. आमचा विरोध सहलीला नाही, वैभवामागील श्रम न पाहण्याच्या सवयीला आहे. डेलॉसवर गुलामांचा बाजार कोठे भरे, हे विचारणारा प्रवासी जहाजावर परतल्यावर आपली खोली झाडणाऱ्याचे कामाचे तासही विचारील.