हाताच्या अंदाजाचे स्तोम

'घरच्या घरी गाडीचं काम करायला टॉर्क पाना कशाला हवा? हाताला कळतं की! मुरलेला मिस्त्री कधी आकडे बघत बसतो का?' एका जाणत्या गृहस्थांनी नुकतेच असे ठासून सांगितले आणि ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांचे सगळे म्हणणे तीन वाक्यांत मावते. अनुभवी हाताला बोल्ट किती आवळला ते अचूक समजते, जुन्या गाड्या या पान्यावाचूनच दुरुस्त होत आणि वर्षानुवर्षे पळत, आणि हे हत्यार महाग असते. तिन्हींत खोट आहे. पहिले तर घातक आहे, कारण त्यावर विश्वास ठेवून उद्या कोणी नवखा आपल्या इंजिनाचे आटे घालवून बसेल.

महागाईचे आधी उरकू. ठरवलेला जोर गाठताच क्लिक होणारा बरा टॉर्क पाना दोन-तीन हजारांत मिळतो. स्पार्क प्लगचे आटे गेले म्हणून इंजिनाचे हेड उतरवावे लागले, तर नुसती मजुरी त्याच्या वर जाते. जुन्या गाड्यांचे म्हणाल, तर अँबॅसेडरचे हेड बिडाचे होते आणि बीड पुष्कळ सोसते. आजची हेडे अल्युमिनियमची आहेत. पोलादी प्लग त्यांत जोर लावून पिळला की मऊ धातूचे आटे सोलून प्लगबरोबर बाहेर येतात.

आता त्या सर्वज्ञ हाताकडे वळू. बोल्ट आवळताना हाताला नेमके काय जाणवते? घर्षण. बोल्ट ही मुळात ताणली जाणारी सळई आहे आणि तिच्या ताणामुळेच दोन भाग एकमेकांवर दाबून राहतात. पण आपण लावलेल्या जोरापैकी ढोबळमानाने निम्मा जोर बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांत जिरतो आणि ताणाच्या वाट्याला जेमतेम दहा टक्के उरतो. आटे गंजलेले असले तर बोल्ट सैल असूनही हाताला घट्ट लागतो. त्याच आट्यांना ऑइल लागले असेल तर तेवढ्याच जोरात तो कितीतरी जास्त ताणला जातो, आणि हाताला याचा पत्ताही लागत नाही. शिवाय पान्याची लांबी आहेच. दहा किलोचा जोर १५ सेंटीमीटरच्या पान्यावर लावला तर सुमारे १५ न्यूटन-मीटर होतात. त्याच पान्याला पाइप अडकवून लांबी ४५ केली की ४५ होतात. हात तोच, जोर तोच, आणि परिणाम तिप्पट.

व्हील नटाचे उदाहरण तर रोजचे आहे. नट घट्ट झाला का हे पाहायला लोक चक्क पान्यावर उभे राहतात. सत्तर किलोचा माणूस ३० सेंटीमीटरच्या पान्यावर उभा राहिला की दोनशेच्या वर न्यूटन-मीटर लागतात, आणि लहान गाड्यांना हवे असतात साधारण ८५ ते ११०. मग स्टड ताणले जातात, ब्रेकची डिस्क वाकडी होण्याची भीती असते. पुढे कधी पावसाळ्यात कसारा घाटात टायर पंक्चर होतो, आणि गाडीतल्या चिमुकल्या पान्याने तोच नट काही केल्या हलत नाही.

मिस्त्रीचा हात खरोखर शिकलेला असतो, हे मला मान्य आहे. पण तो रोज त्याच पान्याने तेच बोल्ट आवळून शिकलेला असतो, आणि शिकताना तुटलेले बोल्ट गिऱ्हाइकांच्या गाड्यांचे होते. घरी काम करणारा माणूस दोन-तीन वर्षांतून एकदा प्लग काढतो. त्याच्या हाताला कसला आलाय अनुभव? त्याला 'हाताला कळतं' असे सांगणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला 'पाण्यात पडलं की येतं' म्हणून ढकलण्यासारखे आहे.

हा वाद नवा नाही. टायरवर लाथ मारून हवा सांगणारी मंडळी याच गोत्रातली. हवा गेजने मोजणाऱ्यांनाही असेच हिणवले गेले होते. आज पेट्रोल पंपावर लाथ मारून हवा भरा, असे कोणी म्हणत नाही. प्लगला ग्रीस चोपडण्याचा सल्लाही या 'हाताला कळतं'वाल्यांचाच. प्लगच्या आट्यांवर बहुधा मुळातच मुलामा असतो. त्यावर ग्रीस लावून तोच आकडा गाठला, तर प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो.

टॉर्क पानाही घर्षण ओळखत नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. म्हणूनच मॅन्युअलमध्ये बहुधा आटे साफ आणि कोरडे ठेवायला सांगतात. निदान हाताची अनिश्चितता तरी तो काढून टाकतो.

करायचे ते फार नाही. इंजिन गार होऊ द्यावे. प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवून बसवावा. तो अडला तर आडवा लागलाय असे समजून मागे घ्यावा. वॉशरचा १४ मिलिमीटरचा प्लग अल्युमिनियमच्या हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटरला बसतो. टॉर्क पाना नसेल तर बोटांनी टेकल्यावर नव्या प्लगला अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा द्यावा. वॉशर नसलेला, निमुळत्या बैठकीचा प्लग मात्र सोळाव्या हिश्शाच्या फेऱ्यातच बसतो. ऑइल चेंबरच्या ड्रेन प्लगला दर वेळी नवे वॉशर घालावे. व्हील नट समोरासमोरचे घेत आवळावेत आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. क्लिक पान्याने बोल्ट सोडवू नये, आणि काम झाल्यावर तो सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा. व्हील नटांचा मोठा टॉर्क पाना प्लगला वापरू नये. मापाच्या तळाशी तो विश्वासाचा नसतो.

वाचकांना एकच विनंती आहे. पुढच्या वेळी ऑइल बदलण्याआधी आपल्या गाडीचे ड्रेन प्लग, स्पार्क प्लग आणि व्हील नट यांचे आकडे मॅन्युअलमधून काढा. तिथे नसतील तर त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. मग ते लिहून डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.