मेणवली उलटी चालावी

वाईपासून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. बहुतेक पाहुणे गाडीने येतात, पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांचा वाडा बघतात, ‘स्वदेस’चं चित्रीकरण झालेल्या घाटावर फोटो काढतात आणि तासाभरात परततात. वास्तू पाहून होतात, गाव राहून जातं. कारण गावाचा वारसा वास्तूंइतकाच त्यांच्या एकमेकींशी असलेल्या नात्यात असतो आणि ते नातं चालल्याशिवाय उलगडत नाही.

घंटेचंच घ्या. घाटावर महादेवाच्या देवळापाशी टांगलेल्या या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल. ती वसईची, हे कुठल्याही फलकावर वाचता येईल. पण चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली १७३९ साली. नानांचा जन्म १७४२चा. म्हणजे ज्यांच्या घाटावर ही घंटा आहे, त्यांनी ती लढाई पाहिलेलीही नव्हती. घंटेपासून सहा चौकांच्या वाड्यापर्यंत पायी गेलं की याचा अर्थ लागतो. तलवारीने मिळवलेली वस्तू पुढच्या पिढीत लेखणीवाल्याच्या दारी आली. इतिहासाचं मोठं साधन ठरलेलं मेणवली दफ्तर याच वाड्यातलं. लढाईची खूण आणि कारभाराचे कागद यांच्यात इथे चार पावलांचं अंतर आहे.

यावर खरा आक्षेप असा, की हा एका कारभाऱ्याचा वारसा झाला, गावाचा कुठे? वाड्यापासून सुरुवात केली तर आक्षेप बिनतोड आहे. म्हणून उलटं चालावं, नदीपासून. कृष्णेचं पाणी पावसाळ्यात चढतं, उन्हाळ्यात खाली जातं; घाटाला इतक्या पायऱ्या असतात त्या पाणी कुठेही असलं तरी हात पोचावा म्हणून. धुणं, आंघोळ, दशक्रिया यांसाठी त्या पायऱ्यांवर बसायला फडणवीस असावं लागत नाही. दगड नानांच्या पैशाने बसला असेल, झिजवला तो गावाने. ज्यांना चालणं झेपत नाही त्यांनी एकाच पायरीवर निवांत बसावं; मुद्दा किलोमीटरचा नाही, सवडीचा आहे. आधी पाणी, मग पायरी, मग देऊळ आणि घंटा, सगळ्यात शेवटी वाडा. या क्रमाने गेलं तर वाड्याचा भव्यपणा कमी होत नाही, फक्त तो नदीच्या आधाराने उभा आहे हे दिसतं. आणि नदी नानांच्या आधीपासून होती.